६० किलो, ५२ किलो आणि जुने ९० आर : साइडिंगमध्ये तीन मापांचे रूळ कसे जोडायचे?

सुरतलाइन

राम राम मंडळी. भुसावळ-जळगाव पट्ट्यातल्या एका माल साइडिंगचं (मुख्य मार्गातून फुटणाऱ्या, माल चढवण्याच्या फाट्याचं) काम सुरू आहे. रेल्वेच्या बाजूने येणारा ट्रॅक ६० किलोचा (मीटरमागे वजन), पीएससी म्हणजे काँक्रीटच्या स्लीपरवर. त्यापुढचा साइडिंगचा मुख्य भाग ५२ किलोचा, तोही पीएससीवर. शेवटी लोडिंगच्या फलाटालगत जुने ९० आर (यार्डामागे ९० पौंडांचे) रूळ लाकडी स्लीपरवर आहेत आणि ते एवढ्यात बदलायचे नाहीत. म्हणजे दोन ठिकाणी माप बदलतं : ६० ते ५२ आणि ५२ ते ९० आर. ट्रॅक सरळ आहे, वेग कमी, पण भरलेल्या वाघिणी रोज जाणार.

प्रश्न असे :
१. कॉम्बिनेशन फिशप्लेट (दोन मापांचे रूळ बोल्टने जोडणारी पट्टी) लावायची की थर्मिट वेल्ड (वितळलेलं पोलाद ओतून केलेला जोड) मारायचा?
२. ठेकेदाराचा माणूस म्हणतो, ५२ किलोचीच साधी फिशप्लेट लावू, ९० आरच्या बाजूला लोखंडी पट्टी घालून फट भरू आणि वरून आर्क वेल्डिंगने टाके मारू. चालेल का?
३. ९० आरचा माथा झिजलेला आहे. त्यामुळे वर पायरी राहील का?
४. ५२ किलोची मधली पायरी टाळून ६० थेट ९० आरला जोडता येईल का?

कीमन_अप_लाइन

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्यात धोका आहे. नाही, अजिबात चालणार नाही.

फिशप्लेट रुळाच्या वेबला (माथा आणि तळ यांमधल्या उभ्या भागाला) चिकटून काम करत नाही. ती वर माथ्याच्या खालच्या उतारावर आणि खाली तळाच्या वरच्या उतारावर पाचरीसारखी बसते. बोल्ट आवळला की ती या दोन उतारांमध्ये ताठ अडकते, जोडाची ताकद तिथून येते. ५२ ची प्लेट ९० आरवर त्या उतारांना टेकतच नाही. मग पट्टी घालून बोल्टने वेबवर दाबली तरी सगळा भार बोल्टवर जातो. काही दिवसांत बोल्ट वाकतात, भोकं लांबट होतात आणि भोकाच्या कडेपासून ४५ अंशात तडा निघतो. तो तडा प्लेटखाली असल्यामुळे वरून दिसतही नाही.

टाके मारणं तर त्याहून वाईट. ८८० ग्रेडच्या रुळात कार्बन ०.६० ते ०.८० टक्के असतो. थंड रुळावर आर्कचा टाका पडला की आजूबाजूचा जाड पोलाद उष्णता झटकन ओढून घेतो आणि टाक्याखालचा थर काचेसारखा ठिसूळ होतो. तडा तिथूनच सुरू होतो. फिशप्लेट रुळाला वेल्ड करणं हे कुठल्याही ट्रॅकवर, कितीही कमी वेग असला तरी, करू नका.

आता मापं बघा, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल.

६० किलो : उंची १७२ मिमी, माथा ७२, तळ १५०, वेब १६.५.
५२ किलो : उंची १५६, माथा ६७, तळ १३६, वेब १५.५.
९० आर : उंची १४२.९, माथा ६६.७, तळ १३६.५, वेब १३.९.

चाकाला दोनच गोष्टी सलग लागतात : रुळाचा माथा आणि गेजची बाजू, म्हणजे माथ्याची आतली कड. उरलेला सगळा फरक खाली आणि बाहेर ढकलायचा. ६० आणि ५२ मध्ये उंचीचा फरक १६ मिमी, तो पूर्ण तळाखाली जातो. माथ्याच्या रुंदीत ५ मिमी फरक आहे. आतली कड जुळवली की दोन्ही रुळांच्या मध्यरेषा अडीच मिमीने सरकतात. तळाच्या कडाही सारख्या सरकत नाहीत. आतल्या बाजूला ६० चा तळ ४.५ मिमी जास्त बाहेर येतो, बाहेरच्या बाजूला ९.५ मिमी. म्हणूनच कॉम्बिनेशन प्लेटची आतली आणि बाहेरची बाजू वेगळी असते, आणि डाव्या रुळाची उजव्याला चालत नाही. ट्रॅकवर माप बदलण्याच्या एका ठिकाणी चार प्लेट लागतात आणि चारही वेगळ्या. तुमच्या दोन ठिकाणांसाठी आठ. ऑर्डर देताना 'दोन जोड्या' असं मोघम लिहू नका. सेक्शन, आत-बाहेर, डावी-उजवी असं प्रत्येकीचं लिहा. प्लेटवर हे खुणावलेलं असतं, ते वाचूनच लावा. ५२/९० आरच्या संचात माथा आणि तळ जवळपास सारखे असल्यामुळे आतली आणि बाहेरची प्लेट डोळ्याला एकच वाटते, तिथे घोळ हमखास होतो.

चौथा प्रश्न : ६० थेट ९० आरला जोडू नका. २९ मिमीचा फरक एका जोडात घालण्यापेक्षा मध्ये ५२ आहेच, त्याचा उपयोग करा. दोन जोडांमध्ये १३ मीटरचा निदान एक पूर्ण रूळ तरी राहू द्या. तुमच्याकडे तर मध्ये अख्खी साइडिंग आहे.

थर्मिट_भुसावळ

वरचं सगळं बरोबर. वेल्डबद्दल मी सांगतो.

६०/५२ साठी कॉम्बिनेशन थर्मिट वेल्ड करा, तो जोड कायमचा होतो. ५२/९० आरलाही वेल्ड होतो, पण तुमचा ९० आर झिजलेला आणि लाकडी स्लीपरवर आहे आणि पुढे केव्हातरी निघणारच आहे. तिथे प्लेट बरी. उद्या तो भाग बदलला की बोल्ट काढून मोकळं होता येतं.

कॉम्बिनेशन वेल्डचे साचे वेगळे येतात : अर्धा साचा ६० चा, अर्धा ५२ चा. साधे साचे घासून बसवायचा प्रयत्न केला तर तळाजवळ फट राहते आणि ओतलेला रस तिथूनच गळतो. पोर्शनच्या (वेल्डसाठीच्या मिश्रणाच्या) पिशवीवर सेक्शन आणि रुळाची ग्रेड छापलेली असते, ती दोन्ही रुळांच्या वेबवर उमटलेल्या खुणांशी ताडून पाहा. ५२ चा रूळ जुना असेल तर तो ७२ यूटीएसचा (यूटीएस म्हणजे पोलादाची ताणशक्ती) असू शकतो, ६० चा ९० यूटीएसचा. हे आधी कळलं पाहिजे, साचा बांधल्यावर नाही.

रुळाची टोकं गॅसने कापू नका, अब्रेसिव्ह डिस्कने काटकोनात कापा. जुनी बोल्टची भोकं कापात निघून गेली पाहिजेत. फट २५ मिमी, एक मिमी इकडेतिकडे. टोकं रॉकेल आणि वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत साफ करा. गंज किंवा ग्रीस राहिलं की वेल्डमध्ये बुडबुडे येतात.

मग अलाइनमेंट. एक मीटरची स्ट्रेट एज माथ्यावर आणि गेजच्या बाजूला लावायची. गेजची बाजू एका रेषेत. बाहेरची बाजू जुळणार नाही, जुळवायचीही नाही. उंचीत जोड मुद्दाम वर उचलून ठेवतात, कारण वेल्ड थंड होताना माथ्याकडे जास्त आकसतो आणि जोड खाली बसतो. मीटर पट्टीच्या टोकाशी मोजून ९० यूटीएसला २ ते २.४ मिमी, ७२ यूटीएसला ३ ते ४ मिमी. हे विसरलं की दबका वेल्ड मिळतो आणि तो नुसत्या पॅकिंगने (स्लीपरखाली खडी ठासून) कधीच सुधारत नाही.

६० च्या बाजूला पोलाद जास्त. त्यामुळे प्रीहीटिंगचा बर्नर बरोबर मध्यावर ठेवला तर ५२ लवकर लाल होतो आणि ६० चा तळ मागे राहतो. ज्योत दोन्हीकडे सारखा रंग येईल अशी बसवा. वेळ किती ते तुमच्या प्रोसेसच्या कागदावर असतं, तेच पाळा. रिअ‍ॅक्शन साधारण २० सेकंदात शांत होते, तीनेक सेकंद मागेपुढे. फार उसळली किंवा रेंगाळली तर पोर्शन दमट किंवा खराब समजा. तो जोड ठेवू नका. ओतल्यावर चार-पाच मिनिटांनी साचा काढून ट्रिमिंग. पाचरी लगेच काढू नका. ओतल्यापासून ३० मिनिटं होईपर्यंत गाडी सोडायची नाही.

ग्राइंडिंगनंतरचं माप : एक मीटर पट्टीवर उंचीला अधिक १ मिमी चालतं, उणे अजिबात नाही, बाजूला अर्धा मिमी. १० सेंटिमीटर पट्टीवर माथाही तपासा. शेवटी यूएसएफडी (अल्ट्रासॉनिक) चाचणी. तिचा निकाल येईपर्यंत जॉगल्ड फिशप्लेट (वेल्डच्या फुगवट्यासाठी मध्ये वाकवलेली) क्लॅम्पने लावून ठेवा. कॉम्बिनेशन वेल्डला साधी जॉगल्ड प्लेट नीट बसत नाही, म्हणून तीही त्याच जोडीची मागवा. हे साहित्य ऐनवेळी मिळत नाही आणि मग लोक 'राहू दे' म्हणतात. राहू देऊ नका.

एक वेल्ड दुसऱ्या वेल्डपासून ४ मीटरच्या आत येणार नाही हे आखणी करतानाच बघा. आणि वेल्डरकडे चालू तारखेचं सक्षमता प्रमाणपत्र आहे का ते स्वतः पाहा.

चाळीसगाव_डाउन

थोडी दुरुस्ती. ६० ची बाजू लांब वेल्डेड रुळाची, म्हणजे एलडब्ल्यूआर असेल तर तिथे हा वेल्ड सरळ मारता येत नाही. एका एलडब्ल्यूआरमध्ये दोन सेक्शन चालत नाहीत. सीडब्ल्यूआरमध्ये (सलग वेल्डेड रुळात) माप बदलायचं तर दोन्ही बाजूंना एसईजे (रुळाला लांबीत सरकू देणारा जोड) आणि त्यांच्यामध्ये एका सेक्शनचे तीन आणि दुसऱ्याचे तीन असे साधे रूळ ठेवून माप बदलतात. कारण साधं आहे : ६० चा काटछेद मोठा, त्यामुळे तापमान बदललं की त्यात साठणारं बळ ५२ पेक्षा जास्त. ते बळ एका जोडावर एकमेकांशी भिडलं की हलका रूळ सरकतो.

साइडिंगमध्ये बहुतेक वेळा फिशप्लेटचे किंवा तीन रुळांचे छोटे वेल्डेड पॅनेल असतात, मग अडचण नाही. पण हद्दीवरचा ६० चा ट्रॅक कोणता आहे ते रेल्वेच्या पीडब्ल्यूआयकडून (ट्रॅकच्या निरीक्षकाकडून) लेखी घ्या. त्या टोकाला हातही रेल्वेच्या देखरेखीखालीच लावायचा.

आणखी एक. लाइन विद्युतीकरणाची असेल तर रूळ हा परतीच्या करंटचा रस्ता असतो. कापण्याआधी कापाच्या दोन्ही बाजूंना तात्पुरता बाँड (जोडतार) जोडल्याशिवाय डिस्क चालवू नका. तुटलेल्या दोन टोकांना एकाच वेळी हात लागला तर जीव जाऊ शकतो. ट्रॅक सर्किट (रुळावर गाडी आहे का हे ओळखणारी सिग्नलची विद्युत यंत्रणा) असेल तर सिग्नलवाल्यांचा माणूस जागेवर हवा.

सुरतलाइन

फार उपयोगी माहिती, धन्यवाद. हद्दीजवळचा भाग साध्या फिशप्लेटचा आहे, म्हणजे ६०/५२ ला वेल्ड जमेल.

९० आरची उंची व्हर्निअरने घेतली : १३९.५ ते १४०. म्हणजे झीज साधारण ३ मिमी. गोदामात ५२ चे नवे रूळ आहेत आणि रेल्वेकडून निघालेले जुने ५२ चे रूळही पडून आहेत. कॉम्बिनेशन प्लेट तर नव्या रुळाच्या मापाची असणार. मग ३ मिमीची पायरी ग्राइंड करायची का?

कीमन_अप_लाइन

ग्राइंडरला हात लावण्याआधी जुन्या ५२ च्या ढिगात जा.

कॉम्बिनेशन प्लेट दोन्ही रुळांच्या माथ्याखालचे उतार जुळवते, आणि झीज असते माथ्याच्या वर. त्यामुळे नवा ५२ आणि ३ मिमी झिजलेला ९० आर जोडला तर ५२ बरोबर तेवढाच वर राहणार. पण ५२ सुद्धा ३ मिमी झिजलेला घेतला तर? दोघे सारखेच खाली, पायरी नाहीशी. म्हणून १५३ मिमीच्या आसपास उंचीचे दोन जुने ५२ निवडा, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, आणि ते जोडाला लावा. ५२ ला उभी झीज ८ मिमीपर्यंत आणि ९० आरला ५ मिमीपर्यंत चालते, म्हणजे दोन्ही अजून मर्यादेत आहेत. बाजूची झीजही पाहा : गेजच्या बाजूला १४ मिमी खाली माथ्याची रुंदी मोजा आणि दोन्हीकडे सारखी येईल असा रूळ घ्या. त्या जुन्या ५२ च्या दुसऱ्या टोकाला नवा ५२ येईल, तिथे पुन्हा ३ मिमी उभे राहतील. म्हणून एकच जुना रूळ लावून थांबू नका. मध्ये २ मिमी, मग १ मिमी झिजलेला, असे दोन-तीन रूळ उतरत्या क्रमाने लावा. ढिगात असे सापडतात, मोजायचे कष्ट तेवढे घ्यावे लागतात.

उरलेला अर्धा-एक मिमी ग्राइंडरने लांब उतार देऊन काढा, उंच बाजूवरून. खालची बाजू वेल्डने भरून वर आणू नका.

९० आरचं टोक जसं आहे तसं वापरू नका. वर्षानुवर्षं जिथे जुनी प्लेट होती तिथले उतार खाल्लेले असतात, टोक खाली वाकलेलं असतं. जुनी भोकं आणि ती प्लेटची जागा पूर्ण जाईल इतकं कापा. आतला रूळ तिथे न खाल्लेला मिळतो आणि नवी प्लेट चारही उतारांवर नीट टेकते. कापल्यावर प्लेट कोरडी लावून फीलर गेज (पातळ पात्यांचं माप) फिरवा. वर किंवा खाली पान शिरलं तर प्लेट बसलेली नाही, किंवा डावी-उजवी उलटी लागली आहे.

भोकं ड्रिलनेच. जागा आणि व्यास त्या प्लेटच्या ड्रॉइंगवरून घ्या, कारण ५२ आणि ९० आरमध्ये तळापासून भोकाची उंची वेगळी. एका रुळाचं टेम्प्लेट दुसऱ्याला लावलं तर बोल्ट शिरतो पण प्लेट वर ओढली जाते. भोकाच्या दोन्ही तोंडांना चॅम्फरिंग करा (कडेची धार मोडा), भोकातून निघणारे तडे त्यामुळे बरेच थांबतात.

प्लेट लावताना उतारांवर ग्रेफाइट लावा. शंभर जोडांचं जुनं प्रमाण : प्लंबॅगो (ग्रेफाइट) ५ किलो, रॉकेल ३.५ किलो, काळं तेल २.७५ किलो. तुम्हाला त्यातलं चिमूटभर लागेल. बोल्ट आधी मधले दोन आवळा, मग कडेचे. पान्याला पाइप घालून जोर लावू नका. जास्त आवळला की रूळ प्लेटमध्ये सरकू शकत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हात तो जोड बाजूला पळतो.

काळीमाती

उन्हाचा विषय निघालाच आहे तर आकडा सांगतो. रुळाचं प्रसरण दर अंशाला मीटरमागे ०.०११५ मिमी. १३ मीटरच्या रुळाला दर अंशाला ०.१५ मिमी. खानदेशात मे महिन्यात हवाच ४५ च्या आसपास जाते, रूळ तिच्याहून बराच तापतो. सकाळी रूळ ४० अंशांवर असताना काम केलं आणि दुपारी तो ६५ ला गेला तर २५ अंशांत एका रुळामागे पावणेचार मिमी. म्हणजे त्या तापमानाला ४ मिमीची फट ठेवा. जानेवारीत पहाटे काम केलं तर याच्या दुपटीहून जास्त लागेल. हवेचं नाही, रुळाचं तापमान मोजा. थर्मामीटर सावलीच्या बाजूला वेबवर लावा. फटीत लायनर (फटीच्या जाडीची पट्टी) घालून मगच बोल्ट आवळा आणि नंतर लायनर काढायला विसरू नका.

आता स्लीपर. तुमच्याकडे ५२ पीएससीवर आणि ९० आर लाकडावर. माप बदलतं तिथेच स्लीपरही बदलला तर एका बाजूला कडक, दुसऱ्या बाजूला मऊ, आणि मध्ये सगळ्यात कमकुवत जागा. दोन्ही बदल एका जागी आणू नका. जोडाच्या अलीकडे निदान एक रूळ लांबीपर्यंत ५२ ला लाकडी स्लीपरवरच घ्या. जोड दोन स्लीपरच्या मध्ये लोंबता ठेवा, दोन जोड-स्लीपरचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ३० सेंटिमीटर. अशाने प्रत्येक स्लीपरवर एकच सेक्शन येतो आणि १३ मिमीचा फरक खडीच्या पॅकिंगमध्ये घेता येतो. एकाच स्लीपरवर दोन्ही रूळ टेकवून खाली पट्टी घालू नका, ती निसटतेच.

रुळाचा कल जरूर तपासा. पीएससी स्लीपरवर रूळ आत १ : २० कललेला असतो. जुन्या लाकडी स्लीपरवर बेअरिंग प्लेट (रुळाखालची लोखंडी बैठक) सपाट असेल तर रूळ उभा असतो. एक उभा आणि एक कललेला जोडला तर प्लेट पिळली जाते, आणि माथे मध्ये जुळले तरी कडेला पायरी दिसते. जोडाच्या दोन्ही बाजूंच्या काही स्लीपरवर कल असलेल्या बेअरिंग प्लेटच टाका.

आणि माती. तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जोडावर ठोका बसतो, खालचं पाणी चिखल होऊन खडीत वर येतं, मग स्लीपर पोकळीवर नाचतो. तुम्ही कितीही चांगला जोड केला तरी चिखलावर तो टिकणार नाही. दोन्ही जोडांच्या आजूबाजूची खडी काढून चाळा, मातीत भिजलेली फेकून नवी भरा, आणि पाणी बाजूच्या गटारात उतरेल असा उतार काढा. हे पावसाळ्याआधी करा.

सुरतलाइन

एक शेवटचं. जोड झाल्यावर लक्ष कशावर ठेवायचं? रोज पाहायला तिथे माणूस आहे, पण तो ट्रॅकचा नाही.

कीमन_अप_लाइन

त्याला तीन गोष्टी दाखवून ठेवा.

माथ्यावरची चाकाची चकाकी जोडावरून सलग गेली पाहिजे. फटीनंतर काही सेंटिमीटर रूळ काळा राहिला आणि मग पुन्हा चमक सुरू झाली, तर चाक तिथे उडी मारतंय, म्हणजे पायरी राहिली आहे. फटीच्या कडेला चपटी कोर बाहेर येताना दिसली तरी तेच.

वाघीण जाताना जोडाचे दोन्ही स्लीपर पाहायचे. ते खालीवर होत असतील किंवा कडेची खडी पांढरी पडली असेल, तर पॅकिंग गेलंय.

फिशबोल्टवर नट आणि प्लेट मिळून रंगाची एक सरळ रेघ मारा. रेघ तुटली की नट फिरला, हे कुणालाही कळतं. पहिल्या भरलेल्या गाड्या गेल्यावर सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळावेच लागतात, कारण प्लेट उतारांवर आता कुठे पूर्ण बसते. त्यानंतर दर वर्षी ऑक्टोबर ते फेब्रुवारीमध्ये प्लेट उतरवून, उतार आणि भोकांच्या कडा साफ करून तडे पाहायचे, ग्रेफाइट लावून परत बसवायची. उतरवलेल्या चार प्लेटवर चुन्याने खूण करा, म्हणजे परत लावताना आतली बाहेर जाणार नाही.

थर्मिट_भुसावळ

६०/५२ वेल्डच्या जागी रुळाच्या वेबवर वेल्डची तारीख, क्रमांक आणि चाचणीची खूण रंगाने लिहून ठेवा. थंडीतल्या पहाटे तिथे खास नजर हवी. त्या वेळी रूळ आकसलेला असतो, आणि वेल्डमधला लपलेला दोष तुटतो तो बहुधा तेव्हाच.